दसऱ्याची गाडी

९ ऑगस्ट

आत्याबाईंना आज दवाखान्यातून घरी आणलं. इकडं सासूला आत्याबाई म्हणतात. सात वर्षं झाली लग्नाला, अजून माझ्या तोंडात ते बसत नाही. खुब्यात प्लेट टाकली आहे. उन्हाळ्यापर्यंत शेतात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणजे शेडनेट कोण बघणार? सातबारा नानांच्या नावावर असला तरी बियाण्याची मिरची आजवर आत्याबाईंनीच काढली. बाया त्यांच्याच ऐकण्यातल्या. संध्याकाळी नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सासरे स्वयंपाकघराकडं फिरकत नाहीत कधी, तेव्हाच मी ओळखलं.

"तनुजा, औंदाची मिरची तू काढ. धाकट्या माऊलीला बाया सांभाळता यायच्या नाय. अभय कंपनीत. तू शिकलेली हायेस."

अशी संधी मला पुन्हा मिळाली नसती. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, "नाना, मिरची काढते. पण जूनमध्ये मी आणि अमृता अभयकडं राहायला जाणार. तिला पहिलीला शहरातल्या शाळेत घालायचंय."

भाकरी फुगून पापुद्रा सुटेपर्यंत नाना तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कंपनीत बी पास होऊ दे. जूनमधी तू न् पोरगी अभयकडं. शब्द हाय माझा."

नाना गावात शब्दाचे पक्के समजले जातात. भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलावतात. अभयला लगेच फोन लावला. वाळूजला एका खोलीत कंपनीतले चौघं राहतात, मागं कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. तो म्हणाला, "बघू." अभयचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला सात वर्षांत कळलेलं नाही. या वेळी हो असावं.

२८ ऑगस्ट

रोपं लागली. कंपनीचा फिल्डमन बद्रीनाथ आज मोटारसायकलवर आला आणि त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. एका जातीच्या झाडावर दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, हा सगळा खेळ. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, चिमट्यानं तिच्यातले केसर काढायचे. सकाळी त्या फुलाला पराग लावायचा आणि देठाला लाल धागा बांधायचा. जी कळी नजरेतून सुटते आणि आपली आपण उमलते, ती तोडून फेकायची, कारण तिच्यात तिचाच पराग पडलेला असतो. धाग्याची मिरची तेवढी बियाण्याची.

मी विचारलं, "पण धागा बांधलेल्या फुलाचे केसर खरंच काढले होते, हे कळणार कसं?"

"मिरची बघून नाही कळत वहिनी. कंपनी ते बी पेरून झाडं बघते. एप्रिलमध्ये कळतं."

"आणि तोवर?"

तो हसला. "तोवर बायांवर लक्ष ठेवायचं."

२२ सप्टेंबर

क्रॉसिंग सुरू झालं. चौदा बाया. आमच्या आळीतली कडूबाई सोडली तर सगळ्या जयभीमनगरच्या. त्यांची म्होरकी चंपाबाई, पन्नाशीची, आवाज मोठा. तिची सून करुणा बारावी शिकलेली, हात असा चालतो की बघत राहावं.

आत्याबाईंच्या राज्यात या बायांचे कप वेगळे होते. शेडच्या मागं तारेला अडकवून ठेवलेले. मी पहिल्याच दिवशी ते काढून टाकले आणि घरातले स्टीलचे पेले आणले. माझ्या देखत असलं काही चालणार नाही. चंपाबाईनं पेला हातात फिरवून पाहिला आणि चहा प्यायली. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं होतं, निदान करुणा तरी बोलेल.

कामाचं मात्र कठीण आहे. दिवसभर गप्पा, हसणं. मध्येच कुणीतरी ओरडते, "चुकली गं माझी!" की सगळ्या हसतात आणि ती बाई उमललेलं फूल तोडून मागं फेकते. चुकल्याची लाज म्हणून नाही! जिची ओळ आधी होते ती जाऊन कडूबाईच्या ओळीत बसते, कारण कडूबाईला डोळ्यांनी कमी दिसतं. आज त्यांच्यातल्या संध्याची पोरगी तापली म्हणून चंपाबाईनं तिला दुपारीच घरी पाठवलं, आणि वर मला सांगितलं, "हाजरी पुरी मांडा वहिनी, तिच्या कळ्या आम्ही काढतो."

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "बायांना लई बोलू नको."

"का?"

"बोलू नको म्हणलं ना."

म्हणजे इतकी वर्षं हे असंच चाललंय.

२९ सप्टेंबर

बद्रीनाथशी बोलले. तो म्हणतो, पलीकडच्या गावात एकानं बक्षीस लावलं तर काम दीडपट झालं. माणूस फायद्याशिवाय हात हलवत नाही, हे मी बी.कॉम.ला शिकलेच होते.

आज सगळ्यांना शेडच्या तोंडाशी बसवून सांगितलं. रोज सकाळी प्रत्येकीला मोजून धागे मिळतील. आठवड्यात जिचे धागे सर्वांत जास्त लागतील तिला बक्षीस. पहिल्या आठवड्याला प्रेशर कुकर. मात्र जिची फुलं सारखी चुकतील ती बक्षिसातून बाद.

चंपाबाई म्हणाली, "आन् कडूबाईच्या ओळीचं?"

"ज्याची त्यानं बघायची."

कडूबाई पदरानं डोळे पुसत होती. तिच्या डोळ्यांतून तसंही पाणी येतच असतं.

६ ऑक्टोबर

विश्वास बसणार नाही इतका फरक! शेडमध्ये गेलं तर चिमट्यांचा आवाज तेवढा येतो. गप्पा नाहीत, हसणं नाही. आठवडाभरात एकदाही 'चुकली' असा आवाज ऐकला नाही. म्हणजे चुका थांबल्या. इतके दिवस त्या निव्वळ दुर्लक्षामुळं होत होत्या.

कुकर करुणाला मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. अमृतानंही वाजवल्या. बाकीच्यांच्या हातात चिमटे होते.

करुणा आणि संध्या यांचं ओळीवरून वाजलं, एवढंच गालबोट. चांगल्या फुलोऱ्याची ओळ दोघींना हवी होती. चंपाबाई सुनेवरच ओरडली. कडूबाई बुधवारपासून येत नाही. नाना म्हणाले, म्हातारी झालीच होती.

नाना शेडमध्ये चक्कर मारून गेले. जाताना माझ्याकडं बघून मान हलवली. सात वर्षांत पहिल्यांदा. मी जूनपर्यंतचे महिने बोटांवर मोजले.

९ ऑक्टोबर

चंपाबाई काम संपल्यावर घरी आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. मी वर बोलावलं तरी आली नाही.

"वहिनी, शनवारी दसरा. गाडीचं माऊलीला सांगून ठेवा."

मला काही कळेना. मग समजलं. दरवर्षी दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आमचा छोटा हत्ती टेम्पो या बायांना आणि त्यांच्या पोराबाळांना घेऊन विद्यापीठामागच्या बुद्धलेणीला जातो. डिझेल आमचं. वर त्या दिवसाची हजेरीही आमची!

फुलोरा ऐन भरात. एक दिवस काम बंद म्हणजे हजारो फुलं आपोआप उमलणार. मी म्हणाले, "उद्या सांगते."

आत्याबाईंना न्हाऊ घालताना विचारलं, "गाडी दरवर्षी देता?"

"देतो."

"हजेरीसुद्धा?"

"व्हय."

"असं काही ठरलंय का त्यांच्याशी?"

"ठरायचं काय? देत आलो." मग म्हणाल्या, "पाणी जरा कोमट घाल."

नानांना विचारलं तर म्हणाले, "शेड तुझ्याकडं दिलंय, तुझं तू बघ." मला हे आवडलं. विश्वास टाकला की माणूस असं बोलतो.

१० ऑक्टोबर

बायांना सांगितलं. जायला माझी ना नाही, सण सगळ्यांचाच असतो. पण गाडी आणि हजेरी या वर्षी जमणार नाही. आणि जी दसऱ्याला कामावर येईल तिला डबल हजेरी. डबल! मी हे नानांना न विचारता कबूल केलं, कारण मला त्यांच्यावर अन्याय करायचा नव्हता.

कुणी भांडलं नाही. मला धास्ती होती ती भांडणाची. चंपाबाईनं विचारलं, "डबल म्हणजे लेणीवर नाय गेलं तर?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि कळ्या काढायला बसली.

संध्याकाळी शेड आवरताना पाहिलं तर करुणानं जिंकलेला कुकर शेडच्या कोपऱ्यात ठेवलेला. खोक्यासकट. न्यायचा विसरली असणार. माऊलीच्या हाती तिच्या घरी पोचवला.

१२ ऑक्टोबर, दसरा

एकही बाई आली नाही.

सकाळी उजाडताच शेडमध्ये जाऊन बसले. काल काढलेल्या कळ्यांना मी, माऊली आणि बद्रीनाथनं पाठवलेली दोन पोरं मिळून पराग लावायला घेतला. दुपारपर्यंत चार ओळी झाल्या नाहीत. सगळीकडं पांढरी फुलं उमललेली. इतकी सुंदर दिसत होती की रडू आलं.

सकाळीच डांबरी रस्त्यावरून भाड्याची काळीपिवळी जीप जाताना दिसली. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पोरं टपावर. करुणानं शेडकडं पाहिलं. मी हात केला. तिला दिसला नसावा.

डबल हजेरीपेक्षा माणसाला एक दिवस फिरणं महत्त्वाचं वाटतं, तिथं कुणी काय करावं?

१३ ऑक्टोबर

सगळ्या आल्या. वेळेच्या आधी. मी कालच्याबद्दल एक शब्द काढला नाही, त्यांनीही काढला नाही. माझं निम्मं ओझं उतरलं. राग धरणारी माणसं नाहीत ती.

मी म्हणाले, "कालची उमललेली सगळी फुलं आधी तोडायची. मग नवीन काम."

"तोडतो," चंपाबाई म्हणाली.

आत्याबाईंना दाखवायला डॉक्टरकडं न्यायचं होतं म्हणून मला दुपारभर फुलंब्रीला जावं लागलं. आल्यावर पाहिलं तर काम भराभर पुढं गेलेलं. तोडलेल्या फुलांचे मोठाले ढीग असतील असं वाटलं होतं, तसं काही दिसलं नाही. घाबरले होते त्या मानानं नुकसान थोडक्यात निभावलं.

२४ ऑक्टोबर

या आठवड्यात जितके धागे लागले तितके या शेडमध्ये कधी लागले नव्हते. बद्रीनाथनं फोटो काढून साहेबांना पाठवले. झाडं लाल धाग्यांनी नवरीसारखी दिसतात. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुढच्या वर्षी चार शेतकऱ्यांना ट्रेनिंग द्या." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी मी शहरात असेन."

आता बक्षिसासाठी कुणी भांडत नाही. गंमत म्हणजे प्रत्येकीचे धागे जवळपास सारखेच लागतात. या आठवड्याचं ब्लँकेट कुणाला द्यावं, हेच कळेना. म्हणजे सगळ्यांचाच हात बसला. संध्याकाळी काम सुटायच्या ठोक्याला चिमटे खाली पडतात, आणि ओळ अर्धी असली तरी बाया उठतात. "वेळ झाली," एवढंच म्हणतात. शिस्त म्हणावी तर शिस्तच. पण मागं म्हणे त्या न सांगता ओळ पुरी होईपर्यंत थांबायच्या. आत्याबाई वाढवून सांगत असतील.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

अभय चार दिवस होता. मी त्याला शेड दाखवलं. शाळेचा विषय काढला, तर तो अमृताला फुलबाजी लावून देत बसला. "खोली बघायला लागशील ना आता? जानेवारीतच ॲडमिशन सुरू होतात," मी म्हणाले. "नानांशी बोलतो," म्हणाला. त्यांच्याशी माझं बोलणं झालेलंच आहे, हे त्याच्या लक्षात राहत नाही.

बायांना फराळाचे डबे दिले. चंपाबाईनं सगळ्यांचे मोजून घेतले.

१५ डिसेंबर

मिरची लाल झाली. तोडणी चालू.

माऊलीला बघायला कन्नडकडचे पाहुणे आले होते. मुलीची आई जरा ठसक्यात बोलणारी. म्हणाली, "आमच्या पोरीला खेड्यात राह्यची सवय नाय." मी आतून पोहे घेऊन येत होते तेव्हा नाना सांगत होते, "तिला कोण ठेवतंय खेड्यात? मोठी सून हाय ना, ती घर न् शेड दोन्ही बघती. ती इथंच असती."

पाहुण्यांसमोर माणूस घराचं चांगलं बोलणारच. 'असती' म्हणजे आत्ता असते, जूनची गोष्ट वेगळी. मी सगळ्यांना पोहे दिले.

९ फेब्रुवारी

बी वाळवून, गोण्या शिवून कंपनीत गेलं. वजन गेल्या वर्षीपेक्षा भरपूर जास्त. बद्रीनाथनं पेढे मागितले.

माऊलीचं लग्न ठरलं. सिडकोत त्याला कृषी सेवा केंद्र काढून देताहेत, वर राहायला दोन खोल्या. छोटा हत्तीही दुकानाला लागणार, तो शहरातच राहील. नाना इतके उत्साहात आहेत की मी माझा विषय काढला नाही. एका माणसानं एका वर्षात दोन्ही पोरांची सोय लावायची म्हणजे ओझंच की. दुकानावरच्या खोल्या माऊलीच्या, आमची वाळूजला. जवळच पडेल.

पहाटे पाचला उठते, आत्याबाईंचं करते, मग बाकीचं. कंबर धरलीय. अजून चार महिने.

२६ एप्रिल

नापास.

बद्रीनाथ घरात आला नाही, फाटकाशीच गाडी चालू ठेवून कागद दिला. शंभरातली तेरा-चौदा झाडं भलत्या जातीची निघाली. बियाणं म्हणून घेणार नाहीत. मी म्हणाले, "धागे बघितले होते की तुम्ही! फोटो काढले होते."

"धागे होते वहिनी," तो म्हणाला. "खाली काय होतं ते कुणाला माहीत?"

नानांना सांगितलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी काय बोललो व्हतो? बी पास होऊ दे. झालं का पास?"

"नाना, मी सगळं—"

"म्या शब्द फिरवला का, एवढं सांग."

नाही फिरवला. शब्द तसाच होता. माझंच बी पडलं. बायांनी माझा घात केला.

३० एप्रिल

अभय आला. मी रडले, तो पाठीवर हात ठेवून बसला. म्हणाला, "सोड ना आता. तसंही मी ती खोली बघायचं फेब्रुवारीतच बंद केलं होतं."

"फेब्रुवारीत?"

तो उठून दार लोटून आला. मग सांगितलं. माऊलीचं लग्न ठरलं तेव्हाच नाना त्याला म्हणाले होते की एका वेळी दोन बिऱ्हाडं शहरात परवडायची नाहीत, आईचं करायला घरी कुणी पाहिजे, तनुजाला एवढ्यात सांगू नको, ती शेडचं काम टाकून देईल.

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, सीझन तरी नीट जाऊ दे."

फेब्रुवारीत मी गोण्या शिवत होते. दाभणानं बोट फुटलं होतं, ती खूण अजून आहे. त्याला ती दाखवली. तो म्हणाला, "मलम लाव."

४ मे

आज जयभीमनगरला गेले. सात वर्षांत पहिल्यांदाच. आमच्या शेडवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर आहे. चंपाबाई दारात गहू निवडत होती. मला खुर्ची दिली. करुणानं चहा आणला, तो मी सगळ्यांसमोर प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

मी सरळच विचारलं. "दसऱ्याला उमललेल्या फुलांना धागे बांधले ना तुम्ही?"

ती गहू निवडत राहिली. "बांधले असतील."

"कुणी?"

"तेरा जणी. सगळ्यांच्या हाताकडं मी कशी बघू? माझेबी धागे तुम्ही मोजतच व्हता की."

"आधी तुम्ही चुकलेलं फूल स्वतःहून तोडत होता!"

"आधी चुकली म्हणलं तर कुणी बाद करत नव्हतं."

माझा तोल सुटला. "एका गाडीसाठी? एका दिवसाच्या फिरण्यासाठी माझं वर्ष घालवलं तुम्ही? मी तुमच्यासाठी कप बदलले!"

चंपाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "कप घरोघर असत्यात वहिनी." मग ती शांतपणं सांगू लागली. "गाडी पहाटं निघायची. लेणीवर वंदना झाली की दुपारच्याला माघारी. माऊली गाडी घरी नाय आणायचा, शेडपाशीच उभी करायचा. आम्ही नव्या साड्यांवर तशाच कळ्या काढाया बसायचो, दिस बुडंपर्यंत. एक फूल वाया जात नव्हतं. दगडाबाई, तुमच्या सासूबाई, चहा घेऊन यायच्या. औंदा काळीपिवळीनं गेलो. परतीला ती भरल्याबिगर हालंना. यायला दिवस बुडाला."

मला हे कुणीही सांगितलं नव्हतं.

"मग मला सांगायचं होतं! त्याच दिवशी सांगायचं!"

"तुम्ही म्हणल्या, लेणीवर नाय गेल्या तर डबल." ती माझ्याकडं पाहत होती. "त्याच्याफुडं काय सांगावं माणसानं?"

आतून करुणा म्हणाली, "आत्या, राहू दे आता."

मी उठले. त्यांना माझं नुकसान दिसत नाही. मी काही वाईट हेतूनं बोलले नव्हते, हे निदान करुणाला तरी कळायला हवं होतं.

५ मे

आत्याबाईंचे पाय चोळताना विचारलं, "बाया दसऱ्याला दुपारी परत येऊन काम करायच्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू गाडीचं इचारलंस. कामाचं कुठं इचारलंस?"

मी तेल हातावर घेतलं. त्यांनी माझं मनगट धरलं. प्लेट बसवल्यापासून त्यांच्या हातात ताकद आलीय. "तू गेली असतीस तर माझं कोण केलं असतं गं?" त्या म्हणाल्या, अगदी मायेनं. मग म्हणाल्या, "उजव्या पायाला जरा जास्त तेल लाव."

लावलं.

१६ जून

अमृताला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. दप्तर घेऊन गेली आनंदात. तिला दुसरं काही माहीतच नाही.

माऊलीची बायको सिडकोतून फोन करते. नळाला दिवसाआड पाणी येतं म्हणून कुरकुरते. मी ऐकून घेते.

२४ जून

नाना पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. दुसऱ्या एका कंपनीनं काकडीचं बियाणं द्यायचं कबूल केलंय. "या वेळी जपून कर. काकडी पास झाली की फुडल्या जूनमधी नक्की."

मी "बरं नाना" म्हणाले. अविश्वास दाखवून मिळणार काय? शेड नसेल तर दिवसभर आत्याबाईंच्या खाटेपाशी बसायचं. निदान शेडमध्ये वारा येतो.

पण बाया पाहिजेत. जयभीमनगरच्या सगळ्या आता पलीकडच्या शिवारात एकाच्या शेडवर जातात. बाहेरून बाया आणाव्यात तर त्यांना काम शिकवण्यातच हंगाम जाईल.

२९ जून

संध्याकाळी चंपाबाईकडं गेले. बाकीच्याही बोलावल्या होत्या तिनं, कडूबाईसुद्धा होती. मी म्हणाले की बक्षीस नाही, बाद करणं नाही, धागे मोजणार नाही. पहिल्यासारखं.

चंपाबाई म्हणाली, "दसऱ्याचं बोला. सगळ्यांसमोर बोला."

"गाडी मिळेल. पहाटे. हजेरीसकट."

"गाडी तर माऊलीच्या दुकानावर असती म्हणं आता."

"ते माझ्याकडं लागलं. मी शब्द देते."

हे म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की दसऱ्याला दुकानाची पूजा असते, रब्बीच्या बियाण्याची गर्दी असते, आणि माऊली त्या दिवशी गाडी देणार नाही. नाना त्याला सांगणार नाहीत. मी सांगितलं तर तो "बघू वहिनी" म्हणेल. हे सगळं ठाऊक असूनही शब्द तोंडातून सहज बाहेर पडला. मी अडखळलेसुद्धा नाही.

बाया एकमेकींकडं बघत होत्या. करुणा माझ्याकडं बघत होती. कडूबाई म्हणाली, "देतेय ना शब्द, मंग चला की." शेवटी चंपाबाई म्हणाली, "बरं. सोमवारपासून येतो."

घरी आले तर नाना ओट्यावर बसलेले. "आल्या का तयार?"

"सोमवारपासून येतात."

"मोकार जास्तीचं काही कबूल नाय ना केलंस?"

"नाही," मी म्हणाले. "नेहमीचंच."

नाना खूश झाले. म्हणाले, "आता शिकलीस तू."